एका लहान मंडळीची वहिवाट

दलित चळवळीच्या बैठकांत, शिबिरांत, साहित्य मेळाव्यांत ख्रिस्ती माणूस क्वचितच दिसतो. दिसला तरी ख्रिस्ती म्हणून ओळख देत नाही. असे का होते, हे विचारण्याची तसदी आपण फारशी घेतलेली नाही. मराठी ख्रिस्ती माणसाची दोनच चित्रे आपल्या डोक्यात आहेत. एक रेव्हरंड टिळकांचे, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'चे, पंडिता रमाबाईंचे. म्हणजे ब्राह्मण घरातून बाहेर पडलेल्या, लिहित्या-वाचत्या माणसांचे. दुसरे चित्र 'बाटगा' या शिवीतले. या दोहोंच्या मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून तो अहिल्यानगर झाला) नेवासे, राहुरी, शेवगाव, श्रीरामपूर या बाजूच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा महार आणि मातंग ख्रिस्ती आपल्याला दिसतच नाही. तो साहित्यात नाही, चळवळीत नाही आणि जनगणनेच्या अनुसूचित जातींच्या रकान्यातही नाही. निदान ख्रिस्ती म्हणून तरी नाही.

अशा एका लहान मंडळीचे जीवन कसे चालते, तिथे कोण कोणते काम करते, पैसा कुठून येतो, भांडण कुठे होते, हे सांगावे म्हणून हा लेख. मंडळी माझ्या गावची, नेवासे-शेवगाव बाजूची. गावाचे नाव लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढे कळेल. मी बौद्ध आहे. माझ्या आजीचे माहेर त्याच गावातल्या ख्रिस्ती आळीत. ती सासरी आली तेव्हा सासर महार होते आणि माहेर ख्रिस्ती. १९५६ नंतर सासर बौद्ध झाले. त्यामुळे मला दोन्ही आळ्यांत घर आहे. एका आळीत 'जय भीम' म्हणायचे आणि ओढा ओलांडला की 'सलाम' म्हणायचे, हे मी चालायला लागल्यापासून शिकलो.

आधी थोडा इतिहास, कारण त्यावाचून आजचे काही उलगडत नाही. अमेरिकन मिशनरी मुंबईला १८१३ मध्ये आले आणि नगरला त्यांनी १८३१ मध्ये ठाणे केले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच निघाले. मिस फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तशी शाळा काढावीशी वाटली, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडेच घेतले, हे आपण भाषणांतून सांगतोच. जे सांगत नाही ते असे की आरंभीच्या मिशनऱ्यांचा डोळा वरच्या जातींवर होता. ब्राह्मण आले की बाकीचे आपोआप येतील, हा हिशेब. ब्राह्मण आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. महार मात्र खेड्याखेड्यांतून आले. नगरच्या मंडळ्यांचे पहिले देशी पाळक हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे दोघेही ब्राह्मण घराण्यातले, आणि समोर बसणारे पुष्कळसे महारवाड्यातले. म्हणजे व्यासपीठ आणि सतरंजी यांच्यातले अंतर तिथेही पहिल्याच दिवसापासून होते. हे मी दोष काढण्यासाठी लिहीत नाही. देवळाच्या आत जात कशी शिरली असे लोक विचारतात, तेव्हा ती बाहेरून शिरली असे गृहीत धरतात, म्हणून लिहितो.

'भाकरीसाठी बाटले' हा आरोप आजही ऐकू येतो. १८७६-७८ चा दुष्काळ, पुन्हा १८९६ नंतरचे दुष्काळ, या काळात मिशनने अन्न दिले, खडी फोडण्याची कामे दिली आणि बाप्तिस्मे वाढले, हे खरेच आहे. पण ज्याला गावाने भाकरी द्यायला नकार दिला त्याने दुसऱ्याकडून घेतली, यात लाज कुणाची? शिवाय आमच्या भागात क्रम निराळाच होता. आधी शाळा आली, शाळेबरोबर मास्तर आला, आणि मंडळी पुष्कळ मागाहून झाली. मास्तर बहुधा आपल्यापैकीच कुणी शिकलेला. तोच दिवसा मुलांना शिकवी, रात्री कंदील लावून शास्त्र वाची, सावकाराचा कागद वाचून दाखवी, कचेरीत अर्ज लिही. गावच्या दृष्टीने यात खरा गुन्हा अर्ज लिहिण्याचा. धर्म बदलला म्हणून गाव फार चिडल्याचे जुनी माणसे सांगत नाहीत. मेलेले जनावर ओढायला नकार दिला, सांगावा घेऊन जायला नकार दिला, तेव्हा गाव चिडले. आणि तरी वतन सुटले नाही. वतनाची जमीन ख्रिस्ती घरांनीही धरून ठेवली होती. म्हणजे रविवारी उपासना आणि सोमवारी वेठ. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली तेव्हा बौद्ध आणि ख्रिस्ती दोघेही एकाच दिवशी त्यातून सुटले.

आता मंडळीकडे येतो. 'मंडळी' हा शब्दच बघा. गावात कुणी 'आमची मंडळी' म्हणाला तर बायकोबद्दल बोलतोय की चर्चबद्दल, हे पुढच्या वाक्यावरून ठरवावे लागते. इमारतीला 'देऊळ' म्हणतात, तिच्यात जमणाऱ्या माणसांना मंडळी. शब्दातला हा भेद कामाचा आहे, कारण आमच्या गावात कित्येक वर्षे देऊळ नव्हते आणि मंडळी होती. आजचे देऊळ म्हणजे दगडी भिंतींवर पत्रे, एक लहान घंटा, मागे एक खोली. घरे साठेक. त्यांतली बरीच महारातून आलेली, काही मातंगांतून.

कारभार असा चालतो. ही मंडळी पूर्वी अमेरिकन मराठी मिशनची होती. त्या पंथाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहणारी, पाळक आपण निवडणारी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली आणि आमची मंडळी तिच्यात गेली. तेव्हापासून वर बिशप, त्यांच्या हाताखाली धर्मप्रांत, पाळकांच्या बदल्या होतात, मंडळी दरवर्षी ठरलेला हिस्सा वर पाठवते आणि पाळकाचा पगार वरून येतो. एकीने बळ आले असेल. पण जुनी माणसे एक गोष्ट बोलून दाखवतात. पूर्वी पाळक नको असेल तर गावात सभा घेऊन सांगता येई, आता अर्ज करावा लागतो. सरकारी शिक्षकाच्या बदलीसारखेच ते.

पाळकसाहेबांकडे आणखी गावे आहेत. ते महिन्यातून एकदा, फार तर दोनदा येतात. मग उरलेले रविवार कोण चालवते? मंडळीचे खरे जीवन याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. कमिटीवरचे दोन वडीलजन आळीपाळीने उपासना घेतात. त्यांतले एक साखर कारखान्यावरून निवृत्त झालेले, दुसरे शेतमजूर. दुसऱ्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण बायबल ते असे वाचतात की माझ्या वर्गातल्या पदवीच्या मुलांनी ऐकावे. कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली घ्यायचा, हे त्यांना पक्के माहीत. शाळेने जे दिले नाही ते या वाचनाने दिले. मराठी गद्य मोठ्याने वाचण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेली अस्पृश्यांची वस्ती, ही गोष्ट आपल्या साहित्याच्या इतिहासकारांनी नोंदवायला हवी होती.

उपासनेत भजन असते, 'उपासना संगीत' या पुस्तकातली गीते असतात, पेटी असते, झांजा असतात. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली, पुढे टिळकांनी अभंग-ओव्या दिल्या, त्यामुळे इंग्रजी चालीची गीते आणि देशी चालीची भजने एकाच उपासनेत शेजारी बसतात. तरुणांना अलीकडे गिटार हवी आहे आणि म्हाताऱ्यांना पेटी. या वादावर कमिटीच्या दोन सभा गेल्या. मी त्यात पडलो नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रार्थना-विनंत्यांचा वेळ. वडीलजन विचारतात, 'कुणाच्या विनंत्या?' आणि एकेक जण उठतो. सुनेला दिवस गेलेत, तिच्यासाठी. नातवाची परीक्षा आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. पोरगा पुण्याला कंपनीत लागलाय, कॉन्ट्रॅक्ट संपतेय. अर्ध्या तासात वस्तीची आठवड्याची सगळी खबर पुढे येते आणि दुपारपर्यंत कुणी दवाखान्यात सोबत जायचे, कुणाकडून दोन हजार उसने घ्यायचे, हे ठरलेले असते. प्रार्थनेचे फळ देव देतो की शेजारी देतात, हा वाद मी आजीशी घालत असे. ती म्हणे, 'तुला फरक पडतो, ज्याला मिळालं त्याला नाही पडत.' पण याच वेळात काय बोलले जात नाही, तेही मी ऐकतो. मुकादमाने हिशेबात फसवले, पाटलाने बांध कोरला, घरकुलाच्या यादीतून नाव गेले, हे मी तिथे फारसे ऐकलेले नाही. दुखणे देवापुढे मांडतात. अन्याय मांडीत नाहीत.

प्रभुभोजन पाळक आले की होते. भाकर मोडून वाटतात, एका पेल्यातून सर्व पितात. हा पेला आमच्या मंडळीचा सामाजिक इतिहास आहे. जुनी माणसे सांगतात की मातंगांतली पहिली घरे आली तेव्हा महार ख्रिस्त्यांतल्या काहींनी पेल्याला ओठ लावायचे टाळले. कुणी त्या दिवशी आजारी पडे, कुणी पुढच्या रांगेत घुसून आधी पिऊन घेई. आज ते राहिलेले नाही. पेला एक झाला, उपकारस्तुतीच्या जेवणाची पंगत एक झाली. सोयरीक मात्र अजून ज्याची त्याच्यात. दोन लग्ने या रेषेपलीकडे झाली, दोन्ही पुण्यात. ज्यांना वाटते की धर्म बदलला की जात गेली, आणि ज्यांना वाटते की धर्म बदलून काहीच होत नाही, त्या दोघांनीही हा पेला आणि ही सोयरीक शेजारी ठेवून पाहावीत.

स्त्रीसभेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मंडळी खरी तिच्यावर उभी आहे. पूर्वी मिशनने 'बायबलबाई' नेमलेल्या असत. महारवाड्यातली, बहुधा विधवा किंवा टाकलेली बाई शिकवून तयार करायची, तिला लहानसा पगार द्यायचा आणि तिने घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचे, अक्षरे शिकवायची, बाळंतिणीची विचारपूस करायची. हेतू धर्मप्रसाराचा, यात शंका नाही. पण शंभर वर्षांपूर्वी हातात पुस्तक घेऊन, पायांत चपला घालून, स्वतःच्या मिळकतीवर जगणारी अस्पृश्य स्त्री रस्त्याने चालते आहे, हे दृश्य गावाने प्रथम पाहिले ते तिच्या रूपाने. माझ्या आजीला अक्षरे अशाच एका बाईने शिकवली. आमच्या घरातली सही करणारी पहिली व्यक्ती आजी. माझे वडील नव्हेत, आजोबा तर नव्हेतच. तिच्यामुळे घरात कागद वाचण्याची रीत आली, नाहीतर आमच्या घरातून मी कॉलेजात गेलो नसतो.

पगारी बायबलबाई गेल्या, स्त्रीसभा राहिली. शनिवारी दुपारी भांडी आटोपली की वीस-पंचवीस बायका जमतात. एक गीत, एक वाचन, एक प्रार्थना आणि मग खरी सभा. प्रत्येकीने रोज स्वयंपाकाआधी एक मूठ ज्वारी डब्यात टाकायची. महिन्याअखेर ते धान्य विकून निधी. त्यातून बाळंतिणीला तूप, शाळेच्या मुलीला वह्या. बचतगटांचा शब्द सरकारने आणला त्याच्या कितीतरी आधीपासून हा डबा आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रीला पाळक होण्याची मुभा आहे. आमच्या गावाला मात्र अजून बाई पाळक आलेली नाही, आणि कमिटीत स्त्रिया दोनच. पैसा बायकांचा आणि ठराव पुरुषांचे, ही वहिवाट विहारात आहे तशी देवळातही आहे.

मुलांची शब्बाथशाळा रविवारी उपासनेच्या आधी भरते, मागच्या खोलीत. त्याच खोलीत संध्याकाळी अभ्यास चालतो, आणि तिथे बसणारी निम्मी मुले ख्रिस्ती नसतात. मीही नव्हतो. दहावी-बारावीची तीन वर्षे मी त्या खोलीत काढली, कारण तिथे दिवा होता आणि आमच्या एका खोलीत सात माणसे होती. मला कुणी त्या बदल्यात बायबल पाठ करायला लावले नाही. 'आमिष' या शब्दावर अलीकडे फार बोलले जाते, म्हणून नोंदवून ठेवतो.

मंडळीच्या पैशाचा खरा दिवस म्हणजे उपकारस्तुतीचा सण. बाजरी निघाली, दिवाळी झाली, आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला चार-सहा दिवस उरले की हा सण धरतात. देवळाच्या पुढे जो तो आपल्या मिळकतीतले आणून ठेवतो. बाजरीची पायली, भोपळा, शेंगा, कोंबडा, एखादे करडू, शिवलेली गोधडी. उपासना झाली की लिलाव. इथे बाजारभाव चालत नाही. भोपळ्याला तीनशे येतात. घेणारा तोच भोपळा पुन्हा दान करतो, पुन्हा बोली लागते, आणि एका भोपळ्यावर हजार रुपये जमतात. एके वर्षी एक कोंबडा पाच वेळा विकला गेला आणि शेवटी सुटून पळाला. त्याला पकडणाऱ्या पोरानेही दहा रुपये भरले. हसणे-खिदळणे इतके की जत्रा वाटावी. वर्षाचा वीजेचा खर्च, वर पाठवायचा हिस्सा, पत्र्यांची डागडुजी, नाताळचे जेवण, सगळे या एका दिवसावर चालते.

पण हा सण नेमका त्याच आठवड्यात का? कारण त्या आठवड्यात माणसांच्या हातात पैसा असतो, आणि तो पैसा बाजरीचा नसतो. तो मुकादमाने दिलेल्या उचलीचा असतो. नवरा-बायकोच्या कोयत्याची उचल, जी पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची. म्हणजे पेरणी-कापणीबद्दल देवाचे आभार मानण्याच्या सणाला जो पैसा वाजतो, तो पुढच्या हंगामाच्या मजुरीवर आधीच काढलेल्या कर्जाचा. मंडळीचे अंदाजपत्रक मुकादमाच्या उचलीवर उभे आहे. कमिटीच्या सेक्रेटरींना मी हे म्हटले तेव्हा ते म्हणाले, 'मग काय, विहाराची वर्गणी कशातून येते?' त्यांचे बरोबर होते.

टोळ्या गेल्या की आळी ओस पडते. नाताळला देवळात म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली मुले. तारे लागतात, करंज्या होतात, पण ज्यांच्यासाठी सण ते कुठल्यातरी कारखान्याच्या फडात. एखाद्या वर्षी पाळकसाहेब मोटारसायकलवर कोप्यांपर्यंत जातात, रात्री दोन गीते म्हणून केक वाटून येतात. कागदोपत्री या सेवेला काही नाव नाही.

आता कागदाची गोष्ट. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीत धरू नये असे ठरवले. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. मद्रासमधल्या सूसाई नावाच्या, रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणाऱ्या ख्रिस्ती माणसाने याविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले की ख्रिस्ती झाल्यावरही जातीची तीच हलाखी तितक्याच प्रमाणात कायम राहते हे दाखवणारा पुरावा पुढे आलेला नाही. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. ती तशीच पडून राहिली. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्राने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला, आणि त्याची मुदत वाढवावी लागली. मध्यंतरी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की ख्रिस्ती घरातला माणूस मूळ धर्मात परतला आणि त्याच्या जातीने त्याला स्वीकारले, तर त्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळू शकतो. म्हणजे चर्चमध्ये जात झोपते, मरत नाही. आणि तिला जागे करण्याचा अधिकार जातीकडेच.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. शिष्यवृत्तीपुरते ते ठीक. पण अत्याचारविरोधी कायदा इतर मागासवर्गाला लागू नाही. आमच्या गावात ओढ्याच्या अलीकडच्या माणसाला जातीवरून शिवी दिली तर तो गुन्हा निराळा, पलीकडच्याला तीच शिवी त्याच तोंडाने दिली तर साधी बाचाबाची. शिवी देणारा आदेशाचा तिसरा परिच्छेद वाचून शिवी देत नाही. त्याच्या लेखी दोन्ही आळ्या एकच.

याचा परिणाम मंडळीच्या आत कसा होतो ते पाहा. पुष्कळ मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' किंवा 'हिंदू मांग' आहे आणि नाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतही आहे. लग्न देवळात होते, पत्रिका मात्र जपून छापतात. तरुण मुले संघात गातात पण कमिटीवर नाव नको म्हणतात, कारण नाव कागदावर येते. राखीव जागेवर ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर रविवारी देवळात दिसायचे की नाही, हा विचार करावा लागतो. बाप्तिस्म्याचा दाखला मागायला कुणी आले की पाळक आधी विचारतात, 'कशाला हवा?' गावाचे नाव मी का लिहिले नाही, ते वाचकांच्या आता लक्षात आले असेल. लबाडी म्हणून याकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण ज्या कायद्याने माणसाला देव आणि दाखला यांतले एक निवडायला लावले, त्या कायद्याने ही दोन नावे दिली आहेत. आणि आपल्याला हे समजायला हवे. १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांचीही हीच कोंडी होती. १९६० मध्ये राज्य झाल्यावर महाराष्ट्राने आपल्यापुरता मार्ग काढला, पण दिल्लीच्या दाखल्यासाठी आपल्यातल्या कितींनी 'हिंदू महार' लिहिले, ते आपल्या घरातल्या पेट्या उघडल्या की कळते.

मग चळवळ याबाबत गप्प का? कार्यकर्ते खासगीत सांगतात ते कारण असे की वाटेकरी वाढतील. भीती खोटी नाही. जागा आधीच कमी आणि त्याही भरल्या जात नाहीत. पण वाटेकरी वाढले तर वाटाही वाढवून मागता येतो, मिश्र आयोगाच्या वेळीही ही चर्चा झालीच होती. आणि अत्याचारविरोधी संरक्षणात तर वाटा कमी होण्याचा प्रश्नच नाही. निदान तेवढी मागणी तरी आपण ख्रिस्ती आळीच्या बरोबर उभे राहून करायला काय हरकत आहे?

चर्चच्या बाजूनेही हिशेब द्यावा लागेल. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेला निबंध त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये छापला गेला. ख्रिस्ती होऊनही जात का सुटली नाही, शिकलेला ख्रिस्ती आपल्या खेड्यातल्या भावापासून दूर का राहतो, आणि माणसाच्या दुःखाचे मूळ समाजरचनेत न शोधता त्याच्या पापात शोधणारी शिकवण त्याला लढायला कशी प्रवृत्त करील, असे त्यांचे प्रश्न होते. यातला शेवटचा प्रश्न मला दर रविवारी विनंत्यांच्या वेळी आठवतो. शहरातली मोठी चर्चे, तिथली शिकलेली घराणी, संस्थांवरचे विश्वस्त, यांच्यात आणि आमच्या पत्र्याच्या देवळात नाते आहे ते हिस्सा पाठवण्यापुरते. मिशनच्या जुन्या जमिनींचे व्यवहार शहरात होतात. खेड्यातल्या मंडळीला ते वर्तमानपत्रातून कळतात. आणि तरीही, गावातल्या दुसऱ्या कुठल्या संघटनेने चौथी शिकलेल्या शेतमजुराच्या हाती दर आठवड्याला व्यासपीठ दिले आहे, हे मला कुणी दाखवावे. आमच्या विहारात वक्ते तालुक्याहून आणावे लागतात.

सध्या मंडळीपुढचा मोठा प्रश्न दफनभूमीचा आहे. पुरण्याची रीत आमची जुनीच, धर्म बदलण्याच्या आधीची. ओढ्याकाठी एका तुकड्यात ख्रिस्त्यांची थडगी, त्याला लागून महारांची जुनी मसणवट, पलीकडे मातंगांची. सातबाऱ्यावर ख्रिस्त्यांचा तुकडा मिशनच्या जुन्या नावाने आहे, आमचा गावठाणाच्या हद्दीत, मातंगांचा कुठेच नाही. शेजारच्या बागायतदाराने दरवर्षी एक-एक सरी पुढे सरकवत दोन थडगी उसाखाली घातली. ख्रिस्ती कमिटीने वरच्या कार्यालयाकडे कागद मागितले; उत्तर आले नाही. आम्ही तलाठ्याकडे गेलो. त्यांनी तुमची आणि त्यांची हद्द कोणती ते आधी ठरवा म्हणून सांगितले. हद्द तिघांनाही ठाऊक नव्हती, कारण मेलेल्यांमध्ये बांध घालण्याची गरज कुणाला पडली नव्हती.

शेवटी तिन्ही वस्त्यांनी मिळून मोजणीचा एकच अर्ज केला. अर्ज मी लिहिला. फीमध्ये निम्मे पैसे उपकारस्तुतीच्या लिलावातले, उरलेले विहाराच्या वर्गणीतले आणि मातंग वस्तीने काढलेले. सह्यांच्या वेळी पाळकसाहेब, विहाराचे अध्यक्ष आणि मांगवाड्यातली एक म्हातारी, जिच्या नवऱ्याचे थडगे उसाखाली गेले ती, असे तिघे होते. म्हातारीने अंगठा लावला नाही, सही केली; शनिवारच्या सभेत शिकली म्हणाली. फी भरल्याची पावती सेक्रेटरींकडे आहे. मोजणीची तारीख अजून मिळालेली नाही.